कारागिराची औजारे आणि विमानप्रवास



आमच्या परिचयाचे एक शिंपी मस्कतला कामासाठी निघाले होते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सारे व्यवस्थित होते. कपड्यांच्या घडीत त्यांनी आपली दहा इंची कात्री ठेवली होती. कात्री मेरठची, उस्तादांनी हाती दिलेली, कितीदा तरी धार लावून घेतलेली. खालच्या पेटीत ठेवली तर हरवेल, या भीतीने त्यांनी ती हातातल्या पिशवीत घेतली. तपासणी यंत्राच्या पडद्यावर कात्री दिसली आणि पिशवी बाजूला काढली गेली.

"मी शिंपी आहे, साहेब. हा माझा धंदा आहे," ते म्हणाले.

"ते खरे असेल, चाचा; पण कात्री वर जाणार नाही," उत्तर आले.

तोवर सामान घेणारे काउंटर बंद झाले होते. पोहोचवायला आलेली मुले परत गेली होती. कात्री तेथल्या डब्यात सोडून द्यावी लागली. मस्कतला नवी कात्री मिळाली, परंतु हात बसायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत काम कमी झाले आणि मालकाचे बोलणेही ऐकावे लागले.

या प्रसंगात कोणाची नियत वाईट नव्हती. कारागिराची नव्हती, तपासणाऱ्याचीही नव्हती. नुकसान झाले ते एका गोष्टीच्या अज्ञानामुळे. औजार विमानातून नेता येते. फक्त ते कोठे ठेवायचे हे ठरलेले आहे. आज आपण हाच पाठ घेऊ.

नियम कोठून आला?

१० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण होऊन ते लाहोरला नेण्यात आले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान खात्यात सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष उघडला गेला. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान स्फोटाने समुद्रात कोसळले. त्यानंतर १ एप्रिल १९८७ पासून हा कक्ष नागरी विमान सुरक्षा ब्यूरो या नावाने स्वतंत्र खाते झाला. विमानात काय नेता येईल आणि काय नाही, याची भारतातील यादी हेच खाते ठरवते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान कंदाहारला नेले गेले, आणि त्यात एका तरुण प्रवाशाचा चाकूने बळी घेतला गेला. त्यानंतर २००० सालापासून विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागला.

११ सप्टेंबर २००१ पूर्वी अमेरिकेत चार इंचांहून कमी लांबीचे पाते प्रवाशाच्या खिशात चालत असे. त्या दिवसानंतर ती सवलत गेली. मार्च २०१३ मध्ये सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंतचे छोटे चाकू पुन्हा चालू द्यावेत, असे तेथील खात्याने जाहीर केले होते. विमानातील कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि जूनमध्ये तो विचार सोडून देण्यात आला. म्हणजे बंद विमानात पात्याची भीती जुनी आहे आणि ती लवकर जाईल असे दिसत नाही. आपण तिच्याशी भांडत बसण्यापेक्षा तिला धरून आपली पेटी भरावी, हे शहाणपणाचे.

हत्यार आणि औजार

"आमचे औजार म्हणजे हत्यार नव्हे," असे कारागीर म्हणतो. जमिनीवर कायदाही बऱ्याच अंशी हेच म्हणतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत तलवारी, खंजीर, तसेच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोडतात. परंतु घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनविलेली औजारे त्यातून वगळली आहेत. तेथे वस्तू कशासाठी बनवली, हे पाहिले जाते.

विमानाच्या आत मात्र हा हिशेब चालत नाही. तेथे एकच प्रश्न असतो : ही वस्तू कोणाच्या हाती पडली तर इजा होऊ शकेल का? ती आपल्याच हाती राहील याची हमी कोण देणार? शेजारच्या जागेवर बसलेला माणूसही ती काढून घेऊ शकतो. म्हणून तपासणी यंत्र धंदा पाहत नाही, दाढी-टोपी पाहत नाही आणि नियतही पाहत नाही. ते फक्त आकार पाहते. हे मनात पक्के झाले की अर्धा पाठ संपला.

दोन प्रकारचे सामान

विमानात सामान दोन मार्गांनी जाते. एक, हातातील पिशवी, जी आपल्याजवळ राहते. दुसरे, काउंटरवर वजन करून देण्याची पेटी, जी विमानाच्या पोटात जाते आणि उतरल्यावर पट्ट्यावर मिळते. भारतातील नियम थोडक्यात असा : पात्याची, टोकाची आणि ठोकण्याची औजारे खालच्या पेटीत चालतात, हातात चालत नाहीत. आता धंद्यानुसार पाहू.

शिंपी : टोकदार धातूची कात्री, काज करण्याचे पाते, ब्लेड हे सर्व खाली.

न्हावी : वस्तरा, त्याची सुटी ब्लेडे, कात्र्या खाली. दाढीचे बंद काडतुसाचे रेझर हातात चालते.

खाटीक व कुरेशी बांधव : सुरी, सत्तूर, हाडे तोडण्याचे कोयते कोणत्याही मापाचे असोत, खाली. बकरी ईदच्या सुमारास कामासाठी दुसऱ्या शहरी जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

सुतार : पटाशी, रंधा, करवत, हातोडी, गिरमिट खाली.

वीजकाम, नळकाम, एसी दुरुस्तीवाले : पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल खाली. शर्टाच्या खिशाला लावलेला टेस्टर पुष्कळांना आठवतच नाही. रोजची सवय असल्यामुळे तो अंगाचाच भाग झालेला असतो. निघताना खिसा चाचपून पाहावा.

चर्मकाम करणारे : रांपी आणि आरी खाली.

घड्याळ व मोबाइल दुरुस्तीवाले : चष्म्याच्या डबीतील इवलासा स्क्रू ड्रायव्हर चालतो, दुरुस्तीचा पूर्ण संच चालत नाही. संच खालीच द्यावा.

वाद्ये बनविणारे : मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही कला तेथे शिकलगार घराण्यांनी वाढवली. हत्यारांना धार लावणारे हात सतारीकडे वळले. प्रदर्शनासाठी वा दुरुस्तीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या अशा कारागिरांच्या कानशी, पटाश्या, तार कापायची पक्कड हेही खालीच जावे.

व्यापारी : माल बांधण्याचा कटर, किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला लहान चाकू, अनेक पात्यांचे खिशातले औजार. अत्तार, बागवान, तांबोळी, कोणताही दुकानदार असो, यापैकी एक वस्तू खिशात असतेच. तांबोळ्यांनी अडकित्ता विसरू नये.

परदेशातील मापे

प्रत्येक देशाचे माप थोडे वेगळे आहे. युरोपीय संघाच्या देशांत आणि ब्रिटनमध्ये ६ सेंटिमीटरहून लांब पात्याचा चाकू वा कात्री हातात चालत नाही. कात्रीचे माप मधल्या खिळ्यापासून टोकापर्यंत घेतात. ६ सेंटिमीटरहून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर किंवा पटाशीही तेथे बंद आहे. अमेरिकेत चाकू कितीही लहान असला तरी बंद. कात्री खिळ्यापासून ४ इंचांहून कमी असेल तर चालते आणि स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पाना ही औजारे ७ इंचांपर्यंत चालतात. दुबईच्या विमानतळाच्या यादीत हातोडी, ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर यांच्याबरोबर मोजमापाचा फीता, दोरी आणि पॅकिंगची चिकटपट्टीही आलेली आहे. सुतार आणि शिंपी यांना हे ऐकून नवल वाटेल.

ही मापे पाठ करण्याची गरज नाही. एकच नियम धरावा : आपल्या वाटेवरील सर्वांत कडक विमानतळाचा नियम हाच आपला नियम. मुंबईहून दुबईमार्गे आफ्रिकेत जाणाऱ्याची हातातील पिशवी दुबईत पुन्हा तपासली जाते. मुंबईत नजरेतून सुटलेली वस्तू तेथे अडते आणि तेथे आपले कोणी पोहोचवायला आलेले नसते. शिवाय शेवटचा शब्द तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो, हे सर्वच देशांत आहे.

स्वस्त तिकीट घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. काही तिकिटांत फक्त हातातली पिशवी धरलेली असते, खाली देण्याचे सामान नसते. अशा तिकिटावर कारागिराने प्रवास करू नये. वाचलेल्या पैशापेक्षा ऐनवेळी काउंटरवर भरावे लागणारे सामानाचे भाडे जास्त होते.

ड्रिल खाली, बॅटरी वर

येथे नियम उलटा फिरतो आणि जाणते कारागीरही चुकतात. चार्जिंगच्या ड्रिलला लिथियम बॅटरी असते. ही बॅटरी बिघडली किंवा तिची टोके एकमेकांना टेकली तर ती पेट घेऊ शकते. वर आग लागली तर कर्मचारी ती विझवू शकतात. विमानाच्या पोटात ते पोहोचणे कठीण. म्हणून सुटी लिथियम बॅटरी खालच्या पेटीत चालत नाही, ती हातातच न्यावी लागते. ड्रिल मात्र हातात चालत नाही. तेव्हा बॅटरी काढावी, ड्रिल खाली द्यावे आणि बॅटरी टोकांवर चिकटपट्टी लावून हातातल्या पिशवीत ठेवावी. दुबईचा नियम लक्षात घेऊन ही चिकटपट्टी घरीच लावावी. तिचा गुंडाळा बरोबर घेऊ नये.

बॅटरी किती मोठी चालते? तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास असेल तर ९० वॅट-तास झाले. १०० वॅट-तासांपर्यंत चालते. १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १८ व्होल्ट आणि ९ अँपिअर-तास असेल तर १६२ होतात. ती बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही. बॅटरीवरचे आकडे पुसले गेले असतील तर ती अडवली जाण्याची शक्यता धरावी.

गर्दीच्या विमानात कधी कधी दारातच हातातील पिशवी घेऊन खाली पाठवतात. तसे झाल्यास पिशवी देण्याआधी बॅटऱ्या काढून घ्याव्यात.

वरही नाही, खालीही नाही

सोनाराचे तेजाब, पारा, फुंकणीचा गॅस, एसीच्या गॅसची टाकी, थिनर, पेट्रोल, पेट घेणारे रंग आणि गोंद हे कोठेच चालत नाहीत. भारतातील विमानतळांवर लायटर आणि काडेपेटीही कोठेच ठेवू नये. हा माल मुक्कामी विकत घ्यावा. "थोडेसेच आहे, बाटली घट्ट बंद आहे," असे म्हणून पेटीत लपवू नये. पेटीत लपवलेली बाटली फुटली तर शेकडो लोकांचा जीव धोक्यात येतो, आणि मग आपली नियत चांगली होती हे सांगून भागत नाही.

बांधणी कशी करावी?

पेटी हमाल उचलतात. संशय आल्यास सुरक्षा कर्मचारी ती उघडतात. उघड्या सुरीने त्यांचा हात कापला जाऊ नये, ही आपली जबाबदारी आहे आणि नियमही तसाच आहे. धारेला चामड्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे म्यान घालावे, वर कापड गुंडाळून दोरीने बांधावे. टोकांवर बुचे बसवावीत. सर्व औजारे एकाच गाठोड्यात, पेटीच्या मधोमध ठेवावीत, म्हणजे पडद्यावर ओळखायला सोपे जाते. दुसऱ्याच्या वाटेतील काटा दूर करणे ही आपल्या दीनची शिकवण आहे. आपल्या पेटीतील धार झाकणे हे त्याच शिकवणीत येते.

औजारांची यादी करून एक प्रत पेटीत, एक जवळ ठेवावी. छायाचित्र काढून ठेवावे. देशांतर्गत प्रवासात सामान्यतः १५ किलो सामान मिळते आणि लोखंड लवकर वजन खाते. म्हणून पेटी घरीच तोलावी.

आंतरराष्ट्रीय प्रवासात पेटी आली नाही किंवा मोडून आली तर विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. मोडतोडीची तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत पेटी आलीच नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. त्या वेळी यादी आणि छायाचित्र उपयोगी पडते. औजारे फार मोलाची असतील तर पेटी देतानाच किंमत जाहीर करून जादा आकार भरण्याची सोयही असते. आमच्या शिंपी मित्राची भीती अगदीच निराधार नव्हती. तिच्यावर उपाय मात्र हा होता.

दुसऱ्याची अमानत

कोकणातून आखातात जाणाऱ्या माणसाकडे गावातून चार घरची गाठोडी येतात. कोणाच्या मुलीसाठी विळी-खवणी, कोणाच्या भावासाठी सुरी. नाही म्हणणे जड जाते. परंतु पिशवी आपल्या नावाने तपासली जाते आणि आत जे निघेल त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. म्हणून गाठोडे देणाऱ्यासमोर उघडावे, पाहावे आणि आपल्या हाताने पुन्हा बांधावे. यात अविश्वास नाही. अमानत सांभाळायची तर ती काय आहे हे ठाऊक असलेच पाहिजे. उघडू न देणाऱ्याचे गाठोडे घेऊच नये.

हज व उमरा यात्रेकरूंसाठी

उमरा पूर्ण झाल्यावर केस कापावे लागतात. म्हणून अनेक जण लहान कात्री बरोबर घेतात. ती इहरामच्या पिशवीत किंवा कमरेच्या पट्ट्यात ठेवू नये. खालच्या पेटीत ठेवावी. नाहीतर मक्केत न्हाव्यांची दुकाने पुष्कळ आहेत. पट्ट्याचा धातूचा बक्कल वाजतो, तो तपासणीआधीच ट्रेमध्ये काढून ठेवावा. स्त्रियांची अंगझडती आपल्याकडे स्त्री कर्मचारीच पडद्याआड घेतात, याची घरच्या भगिनींना कल्पना द्यावी, म्हणजे त्या गोंधळणार नाहीत.

तपासणीच्या जागी

वस्तू निघालीच तर काय करावे? प्रथम, शांत राहावे. खालच्या पेटीत चालणारी वस्तू हातात निघणे ही बहुधा चूक समजली जाते. लपवणे आणि खोटे बोलणे मात्र संशय वाढवते. "हे काय आहे?" याला सरळ उत्तर द्यावे : "वस्तरा आहे, माझा धंदा न्हाव्याचा आहे." थट्टेतही बाँब, हत्यार असे शब्द तोंडातून काढू नयेत. दुसरे, वेळ असेल तर काउंटरवर परत जाऊन ती वस्तू खाली देण्याची परवानगी मागावी. परदेशी जाणाऱ्या विमानाचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होते; म्हणून तीन तास आधी पोहोचावे. तिसरे, पोहोचवायला आलेल्यांनी आपण आत पार होईपर्यंत बाहेर थांबावे.

नावावरून किंवा पोशाखावरून आपल्याला अधिक अडवले जाते, अशी तक्रार आपल्या अनेक बांधवांची आहे. ती झटकून टाकण्यासारखी नाही. अपमानाची वागणूक मिळाली तर तारीख, वेळ, जागा आणि कर्मचाऱ्याच्या छातीवरील नाव टिपून विमानतळ संचालकांकडे लेखी तक्रार करावी. रांगेत हुज्जत घातल्याने विमान चुकते, तक्रार मात्र नोंदली जात नाही. आणि आपली पिशवी नियमाप्रमाणे असेल तरच आपल्या तक्रारीला वजन येते.

उजळणी

निघण्याच्या आदल्या रात्री हातातली पिशवी आणि अंगावरचे कपडे पूर्ण रिकामे करावेत. नुसते चाचपू नये, चादरीवर उलटे करावेत. कामाच्या पिशवीच्या शिवणीत अडकलेले ब्लेड असेच सापडते. मग स्वतःला पाच प्रश्न विचारावेत :

१. पाते, टोक किंवा ठोकण्याची वस्तू हातात राहिली आहे का?
२. खालच्या पेटीतील प्रत्येक धार झाकली आहे का?
३. लिथियम बॅटऱ्या खालून काढून हातात घेतल्या का, त्यांची टोके झाकली का?
४. गॅस, तेजाब, थिनर, लायटर कोठेही राहिलेले नाही ना?
५. दुसऱ्याचे प्रत्येक गाठोडे डोळ्यांनी पाहिले आहे ना?

या कामाला अर्धा तास लागतो. आमच्या शिंपी मित्राने पुढच्या सफरीला तो अर्धा तास दिला. नवी कात्री पुठ्ठ्याच्या म्यानात घालून, कापडात गुंडाळून त्यांनी पेटीत ठेवली आणि मस्कतला ती पट्ट्यावरून जशीच्या तशी हाती आली.

औजार हे कारागिराच्या हलाल रोजीचे साधन आहे. ते नीट बांधून, योग्य जागी ठेवून न्यावे. अल्लाह आपला सफर सुखाचा करो आणि आपल्या हातांच्या कमाईत बरकत देवो.